घाटात रेंज गेल्यावरही चालेल असं मोबाईलचं जीपीएस ॲप कसं निवडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: राहणं पुण्यात, घरी एक कार आणि एक दुचाकी, वर्षातून चार-पाचदा कोकणवारी, पावसाळा सरला की गडकिल्ले. फोन मधल्या किमतीचा अँड्रॉइड. गूगल मॅप्स आहेच, पण घाटात रेंज गेली की पंचाईत होते. मग दुसरं कुठलं ॲप घ्यावं, आणि त्यासाठी पैसे मोजावेत का?

सरळ उत्तर: दोन ॲप ठेवा. शहरात आणि हमरस्त्यावर गूगल मॅप्स किंवा मॅपल्स. रेंज नसलेल्या घाटात आणि गडावर ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालणारं ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड. सुरुवातीला एक रुपयाही खर्च करू नका. दोन्हीकडची कामं उत्तम करणारं एकच ॲप शोधण्यात लोक उगाच महिने घालवतात.

आधी एक गैरसमज दूर करू. रेंज गेल्यावर जीपीएस बंद पडत नाही. फोनमधली चिप उपग्रहांचे संदेश फक्त ऐकते, त्यांना काही पाठवत नाही. त्याला ना सिम लागतं ना डेटा. विमान मोडमध्येही ती चालते. ताम्हिणीत पडद्यावर करड्या चौकटी आणि त्यावर तरंगणारा निळा ठिपका दिसतो, तेव्हा ठिपका बरोबरच असतो, त्याच्याखालचा नकाशा आलेला नसतो. रेंज असताना मार्ग सुरू केला असेल तर तो पुढेही चालू राहतो, पण एक वळण चुकलं की नवा मार्ग काढायला सर्व्हर लागतो आणि तिथे सगळं अडतं. म्हणून ॲप निवडताना पहिला प्रश्न हा, की नकाशा, शोध आणि मार्ग काढणं या तिन्हींपैकी काय काय फोनच्या आत होतं?

गूगल मॅप्समध्ये वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर टिचकी मारली की 'ऑफलाइन नकाशे' सापडतात. तिथे चौकट ओढून भाग उतरवून घेता येतो. कारचा मार्ग मग रेंजशिवाय मिळतो, पण वाहतुकीची स्थिती आणि पर्यायी रस्ते मिळत नाहीत, आणि पायी चालण्याचा मार्ग तर मुळीच नाही. उतरवलेल्या भागाला मुदतही असते. ती संपायच्या आधी वायफायवर ताजा केला नाही तर तो निरुपयोगी होतो. चौकट ओढताना लोक मुक्कामाचं गाव तेवढं घेतात आणि वाटेतला घाट बाहेर राहतो. पुण्याहून दापोलीला निघणार असाल तर पुणे, भोर, महाड, माणगाव, खेड, दापोली हे सगळं एका चौकटीत आलं पाहिजे. म्हणजे ताम्हिणीऐवजी वरंध्याने किंवा त्याच्या उलट जायची वेळ आली तरी नकाशा हातात असतो. वरंधा घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद ठेवतात, आणि ते फोनच्या आतल्या नकाशाला कळत नाही. निघण्याच्या दिवशी बातमी बघावी नाहीतर वाटेतल्या पेट्रोलपंपावर विचारावं.

मॅपल्स हे मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीचं ॲप. शहरातले पत्ते, गतिरोधकांची सूचना, मोठ्या चौकात कोणती लेन धरायची याचं चित्र या बाबतीत ते चांगलं आहे. प्रत्येक ठिकाणाला ते सहा अक्षर-अंकांचा संकेत देतं. मोठ्या सोसायटीत नेमक्या फाटकाशी यायला पाहुण्याला तो पाठवायला सोयीचा. उड्डाणपुलाचा घोळ मात्र कोणत्याही ॲपचा पूर्ण सुटलेला नाही. पुलावरचा आणि पुलाखालचा रस्ता आडव्या मापात एकाच जागी असतो, त्यामुळे तुम्ही वर आहात की खाली हे उपग्रहाच्या मापातून ओळखणं अवघड. गूगलने २०२४ मध्ये भारतात 'पूल घ्या' अशी आगाऊ सूचना सुरू केली. ती आली तर उत्तम, नाही आली तर पाटी वाचायची.

हिअर वीगोसारखी राज्यवार नकाशे उतरवून देणारी इतर ॲपही आहेत आणि कारपुरती ती ठीक आहेत. पण तुमच्या यादीत गड असल्यामुळे मी त्यांच्यात वेळ घालवणार नाही.

रेंजशिवायचं ॲप: ऑर्गॅनिक मॅप्स की ओएसएमअँड

दोघांचा नकाशा एकच, ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालेला हा प्रकल्प स्वयंसेवकांनी काढलेल्या रेघांवर उभा आहे. त्यामुळे गुणवत्ता जागेनुसार बदलते. सह्याद्रीत ट्रेकर मंडळींनी पायवाटा, पाण्याची टाकी, गुहा, दरवाजे अशा बारीकसारीक नोंदी बऱ्याच गडांवर केल्या आहेत. उलट तालुक्याच्या गावातली दुकानं, दवाखाने, घरक्रमांक यांत हा नकाशा गूगलच्या जवळपासही पोचत नाही. 'गुंजवण्यातून राजगडाची चोरवाट' इथे सापडण्याची शक्यता जास्त, 'मंडईमागचं टायरचं दुकान' गूगलवरच शोधा.

ऑर्गॅनिक मॅप्स हे मॅप्स.मी या जुन्या ॲपच्या खुल्या कोडमधून निघालेलं, २०२१ पासून उपलब्ध असलेलं मोफत ॲप. जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, तुमच्या हालचालींवर पाळत नाही. राज्याचा नकाशा उतरवला की शोध, कारचा मार्ग, पायी मार्ग आणि समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) सगळं फोनमध्ये. जुन्या फोनवरही चपळ चालतं आणि बॅटरी कमी खातं. उणीव अशी की दुचाकीचा स्वतंत्र पर्याय नाही आणि सेटिंग मोजकीच.

ओएसएमअँड म्हणजे नेमका उलटा स्वभाव. दुचाकीचं प्रोफाइल आहे, कच्चे रस्ते टाळा म्हणता येतं, नकाशावरची नावं कोणत्या भाषेत हवीत ते निवडता येतं, मार्ग सोडला की किती मीटरवर भोंगा वाजावा तेही ठरवता येतं. किंमत म्हणजे पहिले दोन दिवस मेनूंच्या जंगलात हरवायची तयारी हवी. प्ले स्टोअरवरच्या मोफत आवृत्तीत मोजकेच नकाशे उतरवता येतात. एफ-ड्रॉइड या खुल्या सॉफ्टवेअरच्या दुकानातून घेतलेल्या आवृत्तीत ही मर्यादा नाही. महाराष्ट्र आणि गोवा एवढंच हवं असेल तर मोफत कोटाही पुरतो. जुन्या फोनवर पुणे ते मालवण असा लांबचा मार्ग काढायला ते रेंगाळतं. तेव्हा मध्ये कोल्हापूर किंवा गगनबावडा असा टप्पा टाकून मार्गाचे तुकडे करावेत.

माझा सल्ला: आधी ऑर्गॅनिक मॅप्स. गडावर दहापैकी नऊ वेळा ते पुरतं. एखाद्या दिवशी 'हे सेटिंग का नाही' असं खरोखर वाटलं, तर ओएसएमअँडकडे वळा. पैसे द्यायचेच असतील तर तेव्हा द्या.

ॲपवर विसंबण्याआधी घ्यायच्या चाचण्या

पहिली चाचणी घरीच. नकाशा उतरवा, फोन विमान मोडवर टाका आणि बंद करून पुन्हा सुरू करा. ही शेवटची पायरी लोक गाळतात. काही ॲप सुरू होताना खातं किंवा परवाना तपासायला इंटरनेट मागतात, आणि ते फोन बंद-चालू झाल्यावरच उघड होतं. आता तीन गोष्टी करून बघा. ओळखीचं एक खेडं शोधा, तिथवरचा मार्ग काढा, आणि आवाजी सूचना ऐका. आवाज गप्प असेल तर बहुधा फोनच्या वाचन-आवाजाची भाषा उतरवलेली नसते. फोनच्या सेटिंगमध्ये 'टेक्स्ट-टू-स्पीच' शोधून तिथून मराठी किंवा इंग्रजी आवाज आधीच घेऊन ठेवावा.

दुसरी चाचणी नावांची. आपल्याकडे वाडी, पिंपळगाव, वडगाव ही नावं जिल्ह्याजिल्ह्यात पडलेली आहेत. त्यात खुर्द आणि बुद्रुक शेजारीशेजारी. ॲपमध्ये नाव टाकल्यावर तालुका दिसतो का ते बघा. नसेल दिसत तर ते ॲप तुम्हाला कधीतरी भलत्याच वडगावात नेऊन सोडेल. तेच ठिकाण देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही तऱ्हांनी शोधा. रोमनमध्ये 'पाचनई'ची स्पेलिंग तीन प्रकारे लिहिलेली सापडतात. बदललेली नावंही बघा: छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबाद, धाराशिव आणि उस्मानाबाद, अहिल्यानगर आणि अहमदनगर. जुनं-नवं दोन्ही टाकून एकाच जागी पोचलं पाहिजे.

तिसरी ताजेपणाची. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. नाशिक ते भिवंडी मार्ग मागून बघा. ॲप अजून फक्त कसारा घाटच दाखवत असेल तर नकाशा शिळा आहे. त्याच मार्गावर इगतपुरीजवळ पावणेआठ किलोमीटरचा बोगदा आहे. एवढ्या लांब बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत आणि फोन शेवटच्या वेगावरून अंदाजाने ठिपका पुढे ढकलतो. बाहेर आल्यावर ठिपका एक-दोन किलोमीटर मागेपुढे असला तर घाबरू नका, थोड्या वेळात तो जागेवर येतो. बोगद्याच्या तोंडाशीच फाटा असेल तर मात्र फोनवर विसंबू नका.

चौथी दुचाकीची. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, वांद्रे–वरळी सागरी सेतू, अटल सेतू, या सगळ्यांवर दुचाकीला बंदी आहे. कारच्या मोडवर दुचाकी हाकलीत तर फोन इमानदारीने द्रुतगतीवर चढवेल आणि दंड तुम्ही भराल. गूगलमध्ये २०१७ पासून भारतासाठी दुचाकीचा मोड आहे, तोच निवडा. ओएसएमअँडच्या दुचाकी प्रोफाइलला बंदी कळते, पण नकाशात तशी नोंद केलेली असेल तरच. म्हणून पुणे ते मुंबई असा दुचाकीचा मार्ग एकदा काढून बघा. तो जुन्या महामार्गाने, लोणावळा–खोपोलीवरून आला पाहिजे.

कोकणासाठी एक खास खाच आहे: फेरीबोट. वेसवी–बागमांडले, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, दिघी–आगरदांडा, इथल्या गाड्या नेणाऱ्या फेऱ्या नकाशात रस्त्यासारख्याच जोडलेल्या असतात. सागरी मार्गाने जाताना फोन बिनदिक्कत खाडी ओलांडायला लावतो. दिवसा ते बरोबरच आहे, वेळ वाचतो. रात्री जेट्टीवर पोचलात तर फेरी बंद आणि अख्ख्या खाडीला वळसा. अंधार पडल्यावर निघणार असाल तर सेटिंगमध्ये 'फेरी टाळा' चालू करा आणि सकाळी आठवणीने बंद करा.

पोचण्याच्या वेळेबद्दल: फोनमध्ये मार्ग काढणारी ॲप रस्त्याच्या वर्गावरून वेग धरतात. त्यांना चढ, पाऊस, पुढे रांगणारा डंपर यांची खबर नसते. घाटाच्या भागाला दाखवलेल्या वेळेच्या दीडपट धरावं. आणि 'सर्वांत जवळचा' हा पर्याय कायमचा बंद करा, 'सर्वांत जलद' ठेवा. दोन किलोमीटर वाचवायला फोन ज्या रस्त्यावर घालतो तो कित्येकदा शेतातला असतो.

ज्या गोष्टी नकाशात वर्षभर सारख्याच दिसतात पण जमिनीवर बदलतात, तिथे खरा धोका आहे. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईकडे निघालेली एक कार रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळच्या पुलावरून थेट पाण्यात गेली आणि चालकाचा जीव गेला. धरणाच्या फुगवट्यामुळे तो पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो. रेघ नकाशावर होती, तशी ती असायलाही हवी, कारण उरलेले महिने पूल वापरात असतो. हे कोणत्याही ॲपच्या सेटिंगने सुटत नाही. रात्री अनोळखी भागात फोनने हमरस्ता सोडून आडवाटेला घातलं आणि समोर गाड्यांची ये-जा दिसेनाशी झाली, की थांबायचं आणि मोठ्या रस्त्याला परत यायचं.

गडावर

इथे मार्ग काढणाऱ्या इंजिनला फारसं विचारू नका. ते पायवाटेची रेघ बघतं, पण त्या रेघेवर कातळटप्पा आहे का, दोर लागतो का हे बहुतेक वेळा नोंदलेलं नसतं. हरिश्चंद्रगडाला पाचनईची वाट, खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट आणि नळीची वाट या तिन्ही पडद्यावर सारख्याच तुटक रेघा असतात. त्यातली पहिली घरच्या मंडळींना घेऊन जाण्याजोगी, तिसरी कसलेल्यांची. समोच्चरेषांवरही पूर्ण भरवसा नको. अनेक ॲपच्या रेषा २००० सालच्या शटल रडार मोजणीवरून, सुमारे ३० मीटरच्या चौकटींतून काढलेल्या असतात. सरळसोट कडा त्यात तिरक्या उताराइतका मवाळ होतो. रेषा एकमेकींना खेटून आल्या की तिथे कडाच आहे असं समजावं.

म्हणून कोणी तरी चालून नोंदवलेली जीपीएक्स फाइल आधी मिळवा. ती ॲपमध्ये उघडून मोठी करून बघा. खरी चाल असेल तर रेघ किंचित थरथरते, ठिपके काही मीटरवर पडतात, प्रत्येकाला वेळ असते आणि धापा टाकायच्या जागी ठिपक्यांचा पुंजका दिसतो. उतारावर दोनशे-तीनशे मीटरच्या सरळ रेघा आणि वेळ कुठेच नाही, तर ती घरी बसून माउसने ओढलेली आहे, टाकून द्या. मध्येच जाऊन परत आलेला काटा दिसला तर तो माणूस तिथे चुकला होता. ही माहिती कामाची, तिथे खुणेचा बिंदू टाकून ठेवा. फाइल कोणत्या महिन्यातली आहे तेही बघा. पावसानंतर गवत छातीएवढं वाढतं, पदरातल्या, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवरच्या, ढोरवाटा आणि मुख्य वाट एकसारख्या दिसतात. तेव्हा तीस-चाळीस मीटर चाललं की ठिपका रेघेवर आहे का बघण्याची सवय लागते.

स्वतःची चाल नोंदवताना पाच सेकंद किंवा दहा मीटर हे अंतर ठेवा. त्याहून दाट नोंद केली की उभं राहिलात तरी अंतर वाढत राहतं. नोंद अर्ध्यात तुटली तर दोष सहसा ॲपचा नसतो. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी यांच्या फोनमध्ये बॅटरी वाचवायची व्यवस्था पडदा बंद होताच ॲपला झोपवते. त्या ॲपसाठी बॅटरीचे 'निर्बंध नाहीत' निवडा, 'ऑटोस्टार्ट' चालू करा, आणि ठिकाणाच्या परवानगीत 'अचूक ठिकाण' चालू आहे ना ते बघा. अँड्रॉइड १२ पासून 'अंदाजे' असाही पर्याय आला आहे. चुकून तो दिला गेला की ठिपका भलतीकडेच असतो आणि लोक जीपीएस बिघडलं म्हणतात.

नाळेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी कातळ असलेल्या घळीत, आकाशाची पट्टीच दिसते. उपग्रह कमी मिळतात, त्यातले काही संदेश भिंतीवर आपटून उशिरा येतात. ठिपका ३०-५० मीटर सरकून पलीकडच्या सोंडेवर जातो. तिथे ठिपक्यामागे धावू नका. नाळ धरून चाला आणि मोकळ्या जागी आल्यावर फोनला मिनिटभर द्या. दुहेरी लहरींचा, म्हणजे एल१ आणि एल५ दोन्ही ऐकणारा फोन इथे उजवा ठरतो. जीपीएसटेस्ट नावाच्या मोफत ॲपमध्ये उपग्रहांच्या यादीत एल५ दिसतं का बघा. नाविकबद्दलही विचारणा होते, तर ते ॲप नव्हे, इस्रोची उपग्रहमालिका आहे. फोनच्या चिपमध्ये सोय असेल तर ते आपोआप वापरलं जातं, वेगळं काही उतरवायचं नसतं.

उपग्रहांची पहिली पकड पायथ्याच्या मोकळ्या मैदानात घ्या, झाडीत शिरल्यावर नको. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती ३० सेकंदांच्या फेऱ्यात सांगतो. पानांआड तो फेरा मध्येच तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं. रेंज असते तेव्हा हीच माहिती नेटवरून झटकन मिळते, म्हणून शहरात फोन चटपटीत वाटतो.

उंचीचा आकडा गोंधळात टाकतो. कळसूबाई १६४६ मीटर, पण काही ॲप शिखरावर १५८०च्या आसपास दाखवतात. जीपीएस उंची मोजतं ती एका गणिती लंबगोलापासून, आणि आपल्या भागात समुद्रपातळी त्या लंबगोलाच्या साधारण ६० ते ७० मीटर खाली आहे. दुरुस्ती न करणाऱ्या ॲपवर अलिबागच्या किनाऱ्यावर उणे साठाच्या घरातला आकडा येतो. ओएसएमअँडमध्ये ही दुरुस्ती आहे.

बॅटरी जीपीएसने फार जात नाही. ती जाते पडद्याने आणि रेंज शोधण्याने. गडावर विमान मोड, पडदा बंद, नोंद चालू. १०,००० एमएएचच्या पॉवरबँकेवर बारीक अक्षरांत ६,००० ते ६,५०० अशी प्रत्यक्ष क्षमता छापलेली असते. ५,०००चा फोन तीतून साधारण सव्वा वेळा भरतो. दोन दिवसांच्या मुक्कामाला दोघांत एक पुरणार नाही. कारमध्ये फोन काचेखाली उन्हात न लावता एसीच्या झरोक्याशी लावा, तापला की चार्जिंग थांबतं. चुंबकी स्टँड होकायंत्राला चकवतो. दुचाकीच्या हँडलवर धक्के शोषणारा धारक घ्या, इंजिनच्या थरथरीने कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं असा इशारा ॲपलने २०२१ मध्येच दिला होता.

राहिलं ठिकाण कळवणं. कोणी वाट चुकलं किंवा पडलं तर ११२ला किंवा गावातल्या माणसाला अक्षांश-रेखांश दशांशात, पाच घरांपर्यंत सांगा. पाचवं घर म्हणजे सुमारे एक मीटर, त्यापुढचे आकडे वाचत बसू नका. अंश-मिनिटं आणि दशांश यांची गल्लत मात्र महागात पडते: १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५०. त्याला १८.३० असं लिहिलं की शोधणारी तुकडी २२ किलोमीटर दक्षिणेला जाते. ॲपच्या सेटिंगमध्ये दशांश पद्धत आजच निवडून ठेवा. बोलण्याइतकी रेंज नसेल तिथेही एसएमएस कधी कधी निसटतो, म्हणून तो आधी पाठवा आणि मग फोन लावत राहा.